कासार गल्लीचा ओला कचरा

“कासारीण अक्का, ह्यो तुकडा कुनाचा, सांगा बघू!”

मी दुकानाच्या फळ्या काढून नुकतं उंबऱ्यावर पाणी शिंपडलं होतं. बघते तर समोर घंटागाडीवरची शालन. उजवा हात पदरात गुंडाळलेला, पदर लालभडक भिजलेला आणि डाव्या हाताच्या चिमटीत हिरव्या बांगडीचा तुकडा. मागे गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न मारून तिला बोलावत होता. शालननं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आतून आल्या आणि तुकड्याकडे न बघता आधी शालनचा हात पदरातून सोडवला.

“खाली बस आदी. वृषाली, पानी आन. हळद आन.”

शालन पायरीवर टेकली. तळव्यात करंगळीखाली चांगली खोल चीर गेली होती. अक्कांनी ती धुतली, हळद दाबली, सासऱ्यांच्या जुन्या धोतराची चिंधी फाडून घट्ट बांधली. मग विचारलं, “सुक्यात हुती का ओल्यात?”

“ओल्यात. मेथीच्या देठांत गुंडाळून, वर खरकटं लावून. कोनी मुद्दाम माझ्यासाठी ठेवल्यावानी.”

“मुद्दाम न्हाई गं. लपवून ठेवल्याली हाय.”

“लपवायला काय चोरीची हाय व्हय?”

अक्कांनी तुकडा घेतला, उजेडात धरून फिरवला आणि दुकानातल्या काचेच्या डब्यात टाकला.

“कुनाची ती कळलं न्हवं?” शालननं विचारलं.

“कळलं.”

“मग सांगा की!”

“सांगून काय करशील? भांडशील. ती उद्यापास्नं आनखी खोल लपवील. हात तुझाच जाईल.”

शालन उठली. “तो तर तसाबी चाललाय,” म्हणाली आणि गाडीकडे गेली.

लग्न होऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमचं गाव तालुक्याचं, आणि नगरपालिकेनं त्याच उन्हाळ्यापासून ‘ओला वेगळा, सुका वेगळा’ सुरू केलं होतं. गल्लीत त्यावरून रोज नवा वाद. चहाचा चोथा ओला, पण तो ज्या फडक्यात आहे ते फडकं कशात? पलीकडच्या नलूकाकू तर सगळंच एका बादलीत ओतायच्या आणि वर म्हणायच्या, “पान्यात बुडवलं की समदं ओलंच!” शालन सकाळी गाडीवर असायची आणि दुपारी पालिकेच्या आवारात खताच्या खड्ड्यांवर. गावाचा ओला कचरा तिथं उपसायचा, त्यातलं नको ते हातानं काढायचं आणि उरलेलं खड्ड्यात घालायचं. ते खत शेतकरी न्यायचे. एका वांगीवाल्यानं पुरती ट्रॉली परत आणून ओतली होती, कारण खत पसरताना त्याच्या बायकोच्या पायात काच गेली. तेव्हापासून काच शोधून काढायचं काम शालनच्या गळ्यात पडलं.

आता कासार गल्लीच्या ओल्या कचऱ्यात काच येते कुठून, असं कुणी परका विचारेल. आमच्याकडे बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, बांगडी वाढली म्हणायचं. आणि वाढलेली बांगडी कुणाच्या नजरेस पडू द्यायची नाही. सवाष्णीच्या हातची बांगडी गेली हे दुसऱ्या सवाष्णीनं बघणंसुद्धा वाईट. पूर्वी बायका ते तुकडे नदीवर धुणं धुवायला जाताना गुपचूप पाण्यात सोडायच्या. पुढं घरोघरी नळ आले, नदी सुटली, तुकडे मात्र राहिले. मग ते जायला लागले भाजीच्या देठांत, केळीच्या सालीत, भाताच्या फेसाळ खरकट्यात. जिथं कुणी हात घालणार नाही अशा ठिकाणी. तिथं हात घालायलाच एक बाई नेमलेली आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आणि आमचं दुकान बांगड्यांचं. माझं माहेरही कासाराचंच, पण भांड्यांचं. कळशी ठोकून तिचा आवाज ओळखायला मी शिकले होते, बांगडी भरायला नाही. तरी गादीवर मीच बसायची, कारण घरात सवाष्ण तेवढी मीच. अक्का एके काळी पंचक्रोशीतल्या नवऱ्यामुलींचे चुडे भरत. सासरे गेले आणि त्या गादीवरून उठल्या. त्यांना ‘बसू नका’ असं कुणी म्हणालं नाही. पण कुठल्याशा लग्नात चुडा भरायला त्यांनी हात पुढे केला आणि मुलीच्या मावशीनं मुलीचं मनगट हळूच मागे ओढलं. तेवढ्यावर अक्का उठल्या. तेव्हापासून त्या मागे खोक्यांच्या राशीपाशी बसून राहायच्या आणि तिथूनच मला सांगायच्या, “तिला सव्वादोनचं माप काढ. अडीच खुळखुळंल.” मी भरायला लागले की गिऱ्हाईक डोळे घट्ट मिटून घ्यायचं. मी दोन भरायच्या आणि एक वाढवायची, असा आमचा धंदा.

शालनला लागलं ते नगरपालिकेत कळलं. तिथले आरोग्य निरीक्षक पाटोळेसाहेब मनानं चांगले माणूस, पण चांगुलपणाला थोडं गावाचं ज्ञान लागतं ते त्यांच्यापाशी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भोंगा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले.

“माता-भगिनींनो! फुटक्या बांगड्या ओल्या कचऱ्यात टाकू नका! आपापल्या फुटक्या बांगड्या हातात घेऊन बाहेर या!”

सकाळच्या प्रहरी, तुळशीला पाणी घालायच्या वेळी, सवाष्णींच्या दारात उभं राहून हे शब्द! गल्लीतली दारं धडाधड लागली. नलूकाकूंनी वरच्या खिडकीतून तोंड काढलं.

“मेल्या, आधी तुझ्या बायकोला सांग! तिला घिऊन ये हिकडं भाईर!”

“अहो मावशी, मी फक्त काचेबद्दल...”

“जातूस का न्हाई? का सोडू बादली?”

बादली सुटली. कुठल्या पाण्याची होती ते मी विचारलं नाही. पाटोळेसाहेब पुन्हा गल्लीत आले नाहीत, आणि आठवडाभर बायकांनी रागारागानं सगळाच कचरा एकत्र टाकला.

मग आमच्या ह्यांना कल्पना सुचली. दुकानातले पत्र्याचे रिकामे डबे त्यांनी रंगवले, त्यांवर ‘काच’ असं लिहिलं आणि गल्लीभर दारादारांत खिळ्यांना अडकवले. काम झालं, असं म्हणायला हरकत नव्हती. डब्यांतून कपाचे तुकडे आले, बरणी आली, विजेचे दिवे आले, एकदा तर कुणाच्या तरी देवाच्या तसबिरीची काच आली. बांगडी तेवढी आली नाही. उघड्या दारातल्या डब्यात आपल्या हातची बांगडी टाकणार कोण? चारचौघी बघणार, आणि घराघरांत बोलणं होणार.

पौष लागला. एके दिवशी घंटागाडीवर दुसरीच बाई आली. शालन कुठं म्हणून अक्कांनी विचारलं, तर ती म्हणाली, “दवाखान्यात. काचंनं शीर कापली.”

काही दिवसांनी शालन आली ती बोट बांधून. करंगळीशेजारचं बोट सरळ ताठ उभं. मी तिला चहा दिला. तिनं डाव्या हातानं कप धरला.

“डाक्टर म्हनला, ह्ये बोट आता वळायचं न्हाई. आनि आनखी एक शीर गेली तर मूठच मिटायची न्हाई म्हनला. मूठ मिटली न्हाई तर झाडू कसा धरू, वैनी? भाकरी कशानं थापू?”

“हातमोजे दिलेत ना तुम्हाला?” मी विचारलं.

“दिल्यात की, रबराचं. काच काय मोजं बघून थांबती व्हय?”

अक्का मागे खोक्यांपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “संक्रांत आली, शालन.”

“तीच तर भीती हाय.”

मला समजायला क्षणभर लागला. संक्रांतीला आमच्या गावात बाईनं जुन्या बांगड्या ठेवायच्या नाहीत. जुन्या घरी वाढवायच्या आणि नव्या भरून घ्यायच्या. नुसत्या आमच्या गल्लीतल्या बायकांचे हात धरले, तरी त्या एका दिवसात किती काच निघेल! आणि ती सगळी दुसऱ्या दिवशी मटाराच्या टरफलांत, उसाच्या चिपाडांत लपून शालनच्या खड्ड्यावर जाणार.

“तेवढा दिवस रजा घ्या की,” मी म्हटलं.

“मी न्हाई तर ती दुसरी बाई. तिच्या हाताला काय काच लागत न्हाई व्हय?”

शालन गेल्यावर अक्कांनी तिचा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “तुझं ह्या वर्साचं हळदीकुकू खाली दुकानात करायचं. वर घरात न्हाई.”

“दुकानात?”

“बायका बांगड्या भरायला येनारच. तिथंच कुकू लाव, तिळगूळ दे. येताना म्हनावं, जुन्या घरी वाढवू नका, अंगावर घिऊन या, न्हाईतर वाढल्याल्या रुमालात बांधून आना. मी उंबऱ्यात बसते. माझ्या पदरात टाकायच्या.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हळदीकुंकवाला अक्का माजघराबाहेर येत नसत. गल्लीतल्या कुठल्याच घरात कुठलीच विधवा त्या दिवशी पुढे येत नसे.

“अक्का, पण लोक काय म्हणतील?”

“लोकांनी म्हनायचं ते कवाच म्हनून झालंय. आता माझं ऐक. वाढलेली बांगडी सवाशिनीनं सवाशिनीला दावायची न्हाई. बरोबर? पुरुषाला द्यायची न्हाई, दारात टांगायची न्हाई. सगळं बरोबर. पन मला द्यायला काय हरकत हाय? माझं काय वाढायचं ऱ्हायलंय?”

हे त्यांनी इतकं सहज म्हटलं, जसा तांदूळ निवडता निवडता एखादीनं खडा बाजूला काढून ठेवावा. मला मात्र रडू आलं. मी आत जाऊन उगाच पाण्याचा तांब्या भरला आणि तसाच ओतून दिला.

ह्यांनी ऐकलं तेव्हा ते आधी नाही म्हणाले, मग डोकं खाजवत दुकानात निघून गेले. आईचा फोन आला. “पहिली संक्रांत गं तुझी! काहीतरी भलतंच नको,” म्हणाली. मी म्हटलं, “आई, भलतं गेली कित्येक वर्षं चाललंय, ते तू बघितलेलं नाहीस.” तेवढं धाडस माझ्यात कुठून आलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

संक्रांतीला दुपारपासून मी काळी चंद्रकळा नेसून, हलव्याचे दागिने घालून गादीवर बसले. समोर तिळगुळाचं ताट, हळदीकुंकवाची कोयरी, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या, आणि मागे मापामापाच्या बांगड्यांचे दोऱ्यात बांधलेले तोडे. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पाटावर, अक्का. अंगावर नेहमीचं फिकट लुगडं, मांडीवर पदर पसरलेला.

बायका आल्या. येताना प्रत्येकीची नजर त्या पदरावर पडायची आणि मग छताकडे जायची. अक्कांना वळसा घालून, निऱ्या सावरून, प्रत्येक बाई माझ्यासमोर येऊन बसायची. मी कुंकू लावायची, तिळगूळ द्यायची, बांगड्या भरायला घ्यायची. बायकांच्या कमरेला रुमालाच्या गाठी मला दिसत होत्या. कुणीही त्या सोडत नव्हतं. दुकान भरत गेलं. एरवी संक्रांतीला आमच्या दुकानात इतका कलकलाट असायचा, की रस्त्यावरच्या माणसाला भांडण लागल्यासारखं वाटावं. त्या दिवशी सगळ्या नुसत्या तीळ चावत होत्या.

अक्का पदर तसाच पसरून बसल्या होत्या. त्यात काही नव्हतं.

नलूकाकू आल्या त्या धापा टाकत. वय झालेलं, देह जाड, आणि जिभेला हाड नाही. दारातच थबकल्या. आता काहीतरी बोलतात म्हणून मी मनातल्या मनात देवाचा धावा केला. पण त्या अक्कांच्या पाटासमोर खाली बसल्या. बसताना गुडघे वाजले. कमरेचा रुमाल काढला, गाठ दातांनी सोडवली आणि हिरवे तुकडे अक्कांच्या पदरात ओतले.

“द्वारके,” अक्कांना नावानं हाक मारून त्या हळू आवाजात म्हणाल्या. आवाज हळू काढण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. “त्या दिशी त्या पोरीच्या हातात गेला त्यो तुकडा माझा हुता. तू वळखला हुतास न्हवं?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलले असते तर आज आली असतीस?”

नलूकाकूंनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. मग त्या मागे वळून बाकीच्या बायकांवर खेकसल्या, “काय गं, बघताय काय सगळ्या? गाठी सोडा की! का मी येऊन सोडू?”

त्यांची बादली सगळ्यांना ठाऊक होती. गाठी सुटल्या. कुणी रुमालातून, कुणी ब्लाउजमधून, एकीनं तर वेणीच्या गजऱ्यात लपवलेले दोन तुकडे काढले. अक्कांच्या पदरात काच पडायला लागली. हिरवी, लाल, वर्खाची, मधे एखादी काळी. प्रत्येक वेळी बारीक आवाज व्हायचा आणि प्रत्येक वेळी टाकणारी बाई मोकळा श्वास सोडायची. जणू ती बांगडी कितीतरी दिवस तिच्या उरावर होती. पदर भरला की अक्का तो जपून खोक्यात रिकामा करायच्या आणि पुन्हा पसरायच्या. बायका बोलायला लागल्या. कलकलाट सुरू झाला. मी एकीची बांगडी वाढवली, तर तिनं स्वतःच तुकडे उचलून अक्कांच्या पदरात नेऊन टाकले आणि हसली.

उन्हं कलायच्या सुमारास शालन आली. काच न्यायला ये म्हणून अक्कांनीच तिला सांगून ठेवलं होतं. ती पायरीखाली उभी राहिली. उंबऱ्यापाशी ठेवलेलं खोकं तिनं पाहिलं आणि बघतच राहिली.

“आरं देवा. ही समदी उद्या माझ्या हातात आली असती.”

नलूकाकूंनी मान खाली घातली, आणि तसं मी ना त्याआधी कधी पाहिलं होतं, ना नंतर.

“वर ये,” अक्का म्हणाल्या. “तिळगूळ घे.”

शालन चपला काढून वर आली. घंटागाडीची बाई आमच्या दुकानात त्याआधी पायरीपलीकडे आली नव्हती. मी तिला हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाटी दिली. तिच्या मनगटात प्लास्टिकच्या बांगड्या होत्या.

“काचेच्या भरायच्या का?” मी विचारलं.

“कामात टिकत न्हाईत, वैनी. पन आज भरते. सनाचा दीस हाय.”

मी तिच्या हाताला हात घालणार, एवढ्यात ती माझ्यासमोरून उठली आणि जाऊन अक्कांच्या पाटासमोर बसली. हात पुढे केला.

“तुमी भरा.”

तीळ चावणारी तोंडं थांबली.

“मी न्हाई भरत गं आता,” अक्का म्हणाल्या. “वृषाली भरंल.”

“वैनींच्या हातनं नगं. त्यांच्या हातनं काच फुटती. माझ्या हातात आदीच लई गेलीया.”

तो शब्द भर संक्रांतीला, दुकानभर सवाष्णींत उच्चारला गेला, आणि कुणी कानांवर हात ठेवले नाहीत. उलट मागून कुणीतरी फिसकन हसलं. मलाही हसू आलं. खरंच होतं ते.

अक्का हसल्या नाहीत. “शालन, तुझा नवरा हाय. माझ्या हातनं भरून घेतल्यास आनि उद्या काय झालं, तर जल्मभर मला...”

“त्याला व्हायचं ते दारूनं हुईल, अक्का. तुमच्या बांगडीवर आळ कशाला?” शालननं हात मागे घेतला नाही. “तुमच्या गल्लीची काच ह्या हातात शिरली, तवा कुनी इचारलं न्हाई कोन सवाशीन आनि कोन न्हाई. लई शिरलीया. आता एकदा नीट भरा.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी सांगू शकेन असं मला वाटत नाही, पण त्या माझी परवानगी मागत होत्या एवढं मला कळलं. घरातली सवाष्ण मी होते ना! मी तोडा उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

मला वाटलं होतं, नुसत्या बघूनच त्या माप सांगतील. पण त्यांनी आधी शालनचा तळवा दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ नुसता चोळला. जखमेच्या कडेनं, ताठ बोटाच्या बाजूनं. बांगडी चढवायची तर हाताची मोळी व्हावी लागते, अंगठा आत, बोटं एकावर एक. ते बोट वळतच नव्हतं. आता ही बांगडी जाणार कुठून? आणि अक्कांच्या हातून एक जरी वाढली असती, तर एवढ्या बायकांसमोर, त्या दिवशी... मी पुढचा विचार केला नाही. सगळ्या माना पुढे झाल्या होत्या.

बांगडी बोटांच्या गाठींपाशी अडली. शालननं ओठ दाबले, हात ताठ केला.

“तुझं म्हायेर कुठलं गं?” अक्कांनी विचारलं.

शालन चमकली. “म्हायेर?”

“म्हायेर. असंल की.”

“हाय. हाय तर.” ती अक्कांकडे बघायला लागली, हाताकडे नाही. “इतकी वर्सं ह्या गल्लीत येतीया, कुनी इचारलं न्हाई. डोंगराकडंचं हाय. बेलदरा म्हनत्यात. माझा बा शेरडं राखायचा. दाराम्होरं आंब्याचं झाड हुतं, त्याच्या ढोलीत पोपट...”

आणि बांगडी मनगटावर होती. तिलाही कळलं नाही, मलाही नाही. बोलताना तिचा हात सैल पडला होता आणि तेवढ्यात अक्कांच्या अंगठ्यानं तळव्याचं मांस आत लोटलं होतं. मी महिनोन्‌महिने गादीवर बसून जोर लावत होते. जोर लावायचाच नसतो, हे मला त्या वेळी दिसलं. अक्का विचारत गेल्या, त्या पोपटाचं काय झालं, आंबा आंबट का गोड, आई कशी होती. शालन सांगत गेली. आई कशी होती ते सांगताना तिचा आवाज भरून आला आणि त्याच वेळी शेवटची बांगडी चढली. एकही वाढली नाही.

शालननं हात उचलून हलवला. काचेचा आवाज झाला. ती त्या आवाजाकडे लहान पोरीसारखी बघत होती.

नलूकाकू उठल्या. मी त्यांच्यासाठी काढून ठेवलेल्या बांगड्या त्यांनी माझ्या पुढ्यातून उचलल्या आणि म्हणाल्या, “वृषाली, ऊठ जरा. द्वारके, हितं गादीवर बस. उंबऱ्यात बसून भरत्यात व्हय कुठं?”

मी उठले. अक्का गादीवर बसल्या. बसल्यावर त्यांनी गादीची सुरकुती हातानं सारखी केली आणि मग नलूकाकूंचं मनगट धरलं. त्यांच्यामागून दुसरी, मग तिसरी. ज्यांना मी आधीच भरल्या होत्या, त्यांतल्या दोघी-तिघीही काहीतरी खुसपट काढून पुन्हा रांगेत बसल्या. दोघीजणी मात्र उठून निघून गेल्या आणि पुढं वर्षभर दुकानाची पायरी चढल्या नाहीत. गावात चर्चाही झाली. पण शालनच्या हाताला त्यानंतर आमच्या गल्लीची काच लागली नाही. महिनाअखेरीस बायका गाठी घेऊन यायच्या आणि अक्कांच्या पदरात सोडायच्या, ते अक्का होत्या तोवर चाललं.

आता अक्का नाहीत. दुकान मी बघते आणि बांगड्याही बऱ्या भरते. नव्या मुली काचेच्या बांगड्या फारशा घालत नाहीत, कचऱ्याला डबे तीन-तीन झालेत. संक्रांतीच्या दुपारी गादीवर बसले की मला तो दिवस आठवतो, आणि त्याचा शेवट तर हटकून.

सगळ्या गेल्यावर ह्यांनी दिवा लावला. मी वाट्या गोळा करत होते. अक्का अजून गादीवरच होत्या.

“हिकडं ये,” त्या म्हणाल्या.

मी समोर बसले. आमचं घर बांगड्यांचं, पण माझ्या लग्नाचा चुडा परगावच्या कासारणीनं भरला होता. अक्का तेव्हा मांडवाच्या मागच्या खांबापाशी उभ्या होत्या. तेव्हा ते मला चुकीचं वाटलंही नव्हतं. असंच असतं, असं वाटलं होतं.

त्यांनी माझ्या मनगटातल्या बांगड्या एका बोटानं वरखाली केल्या.

“तुला अडीच भरल्यात त्या बाईनं. तुझा हात सव्वादोनचा हाय. मला तिथनं लांबूनच दिसलं हुतं.”

“मग सांगायचं ना, अक्का!”

“सांगनार कसं? वर्सभर तुझी खुळखुळ ऐकतीया सयपाकघरातनं.” त्यांनी सव्वादोनचा हिरवा तोडा उघडला. “आन हात.”

मी दोन्ही हात पुढे केले.